सर्वांत अशक्त पुलाच्या मापाचा उद्योग

भारतात एखादा मोठा कारखाना समुद्रापासून किती आत उभारता येईल, हे कागदोपत्री जमीन, पाणी, वीज आणि बाजारपेठ यांवरून ठरते. प्रत्यक्षात पुष्कळदा ते एखाद्या मोरीवरून ठरते. बंदर आणि कारखाना यांच्यामधल्या शेकडो किलोमीटरच्या रस्त्यावर जो पूल सर्वांत अशक्त असेल, जी विजेची तार सर्वांत खाली लोंबत असेल आणि ज्या गावातले वळण सर्वांत आखूड असेल, त्यांच्या मापाबाहेरचे यंत्र त्या कारखान्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचलेच तर वर्ष-सहा महिने उशिरा आणि अमाप खर्च करून. गुंतवणूक परिषदांच्या व्यासपीठांवर या मोरीचा उल्लेख कधी होत नाही. औद्योगिक वाहतुकीविषयी लिहिताना मला मात्र ती वारंवार भेटत राहिली, आणि देशाच्या औद्योगिक नकाशावर तिचे वजन किती आहे याची जाणीव वाढत गेली.

राजस्थानातील पचपदरा हे याचे ठळक उदाहरण. थारच्या कडेला, बालोतऱ्यानजीक वसलेले हे गाव पिढ्यानपिढ्या मिठासाठी ओळखले जाई. तेथे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि राजस्थान सरकार यांच्या 74:26 भागीदारीत वर्षाला 90 लाख टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण व पेट्रोरसायन प्रकल्प हाती घेण्यात आला. जानेवारी 2018 मध्ये कामाचा शुभारंभ झाला, तेव्हा खर्चाचा अंदाज 43,129 कोटी रुपये होता. 2023 मध्ये सुधारित आकडा 72,937 कोटींवर गेला. ही सारी वाढ वाहतुकीमुळे झाली, असे मुळीच नाही. तिची कारणे अनेक आहेत. पण या प्रकल्पाच्या रचनेतील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. त्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे 15 लाख टन बाडमेरच्या विहिरींतून आणि उरलेले 75 लाख टन परदेशांतून मुंद्रा बंदरात उतरून नळाने यायचे, अशी आखणी आहे. तेलाला वाट सापडली. ते तेल ज्या प्रचंड पोलादी पात्रांत आणि स्तंभांत तापवायचे, फोडायचे आणि वेगळे करायचे, त्यांना मात्र नळातून येता येत नाही. त्यांना त्याच बंदरापासून त्याच गावापर्यंत रस्त्यानेच यावे लागले.

समाखियाळी, राधनपूर, थराद, सांचोर अशी ही वाट. अंतर चार-पाचशे किलोमीटर. साधा मालट्रक ते एका रात्रीत कापतो. शेकडो टन वजनाच्या पात्रांना त्यासाठी महिनोन्‌महिने लागले. चारशेहून अधिक चाकांचे ट्रेलर, त्यांना पुढून ओढणारे आणि मागून रेटणारे ट्रक, बरोबर माणसांचा तांडा, असा हा प्रवास. सांचोरजवळ नर्मदेचा कालवा आडवा आला. सरदार सरोवराचे पाणी जालोर आणि बाडमेरच्या कोरड्या शिवारांपर्यंत नेणारा हा कालवा 2008 पासून राजस्थानात वाहतो. त्यावरचा पूल एवढे वजन पेलणारा नव्हता. तेव्हा पुलाच्या बगलेने, कालव्याच्या पात्रातूनच तात्पुरती वाट तयार करावी लागली.

‘तात्पुरती’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आपल्या एकूण धोरणाचे सार त्यात आहे. आपण दर खेपेला नवा रस्ता बांधतो आणि खेप गेली की तो मोडून टाकतो.

मापात न बसणारा माल

कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरच्या मालवाहनाला ठरावीक मापे आहेत. रुंदी 2.6 मीटर. उंची 2020 च्या दुरुस्तीनंतर 4 मीटर. जोडवाहनाची लांबी फार तर 18.75 मीटर. वजनाच्या मर्यादा 2018 मध्ये वाढवल्या गेल्या, तेव्हा सर्वांत मोठ्या ट्रॅक्टर-ट्रेलरला एकूण 55 टनांची मुभा मिळाली. या चौकटीबाहेर जे जाते त्याला व्यवसायात ‘ओडीसी’ म्हणतात, म्हणजे मापाबाहेरचा माल. विनापरवाना तो रस्त्यावर आणला, तर 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि शिवाय दर जादा टनामागे 2,000 रुपये दंड होतो. माल वाहनाच्या कडेबाहेर किंवा उंचीबाहेर गेला, तर त्याचे वेगळे 20,000.

या मालातही दोन जाती आहेत, आणि त्यांचा घोळ केल्यामुळे धोरणाची चर्चा भरकटते. एक जात आकाराने मोठी, पण मानाने हलकी. प्लास्टिकचे दाणे साठवणारे ॲल्युमिनियमचे सायलो, मद्यनिर्मितीच्या स्टेनलेस पोलादाच्या टाक्या, द्रवरूप वायूची लांबलचक नळकांडी ही या जातीची. त्यांना पूल अडवत नाहीत. तारा, झाडे, कमानी आणि टोलनाके अडवतात. टोलनाक्याची नेहमीची मार्गिका सव्वातीन मीटरच्या आसपास असते आणि कडेची रुंद मार्गिका साडेचार मीटरची. पाच-सहा मीटर व्यासाचा रिकामा सायलो कितीही हलका असला, तरी तेथून तो जाणार कसा? दुसरी जात वजनदार. तेलशुद्धीकरणातील रिॲक्टर, वीजकेंद्रांचे ट्रान्सफॉर्मर, अणुभट्टीचे बाष्पजनित्र. त्यांची रुंदी कधी कधी रस्त्यात मावते, पण पुलाला त्यांचा भार सोसत नाही.

पहिल्या जातीचा हाल समजून घ्यायचा, तर इस्रोच्या ऑटोक्लेव्हचा प्रवास आठवावा. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी महाराष्ट्रात तयार झालेले हे दाबपात्र 8 जुलै 2019 रोजी निघाले आणि जुलै 2020 मध्ये पोहोचले. सुमारे 70 टन वजन, साडेसात मीटर उंची, 74 चाकांचे वाहन. साडेसतराशे किलोमीटरच्या आतले अंतर, आणि लागले एक वर्ष. मधे टाळेबंदीही आली हे खरे. परंतु ती नसती तरी तो प्रवास दिवसाला काही किलोमीटरच्या गतीनेच होणार होता. वाटेत झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या, विजेचे खांब हलवावे लागले. ज्या केंद्रातून अग्निबाण काही मिनिटांत वातावरणाबाहेर नेण्याचे तंत्र घडते, त्याच्या उपकरणाने आपल्या महामार्गांवर मुंगीच्या पावलाने चार राज्ये ओलांडली.

तुकडे का करत नाहीत?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. कच्च्या तेलाच्या मोठ्या टाक्या, वायूचे गोल, सिमेंट-धान्याचे उंच सायलो यांचे सुटे पत्रे आणून जागेवर जोडता येतात. तसे ते जोडलेही जातात. म्हणूनच शहाणा अभियंता आधी हे पाहतो की कोणती वस्तू खरोखर अखंडच आणावी लागेल. रिॲक्टरच्या बाबतीत उत्तर बहुधा एकच असते. उच्च दाब, उच्च तापमान आणि हायड्रोजन यांचा एकत्रित मारा सोसणाऱ्या या पात्रांच्या भिंती वीत-दीड वीत जाड, मिश्र पोलादाच्या असतात. जोडकाम केल्यावर ते सांधे शेकडो अंश तापमानाला ठरावीक तास भाजून काढावे लागतात, क्ष-किरण वा ध्वनिलहरींनी तपासावे लागतात, मग पाण्याच्या दाबाने कसोटी. हे काम सुसज्ज कारखान्यात जितक्या खात्रीने होते तितके माळरानावर, वाळूच्या वादळात होत नाही. तिथली चूक म्हणजे पुढे स्फोट. म्हणून रिॲक्टर अखंड निघतो आणि अखंडच पोहोचावा लागतो.

हजीरा आणि दहेज येथे अशी पात्रे घडवणारे कारखाने पाण्यालगत का आहेत, याचे उत्तरही यातच आहे. तेथून नग थेट तराफ्यावर चढतो आणि जगात कोठेही जातो. गुजरातच्या किनाऱ्यावर घडलेले पात्र समुद्रमार्गे आखातात किंवा युरोपात नेणे हे तेच पात्र देशातल्या देशात आतल्या भागात नेण्यापेक्षा अनेकदा सोपे ठरते.

पावलाच्या गतीचा ताफा

कच्छमधून राजस्थानकडे जाणाऱ्या रस्त्यावर असा ताफा चालताना मी पाहिला आहे. दुरून तो थांबलेलाच वाटतो. जवळ गेल्यावर कळते की तो चालतो आहे आणि त्याच्याबरोबर माणसेही चालत आहेत. या ट्रेलरला हायड्रॉलिक मॉड्यूलर ट्रेलर म्हणतात. आठ-आठ चाकांच्या ओळी एकापुढे एक आणि हव्या तर शेजारी शेजारी जोडत न्यायच्या. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वळते; तेलाच्या दाबावर वर-खाली होते. रस्त्याला एका बाजूला उतार असला तरी माल आडवा झुकत नाही, कारण एका कडेचे दट्टे उंचावतात आणि दुसऱ्या कडेचे खाली बसतात. एक माणूस मागच्या चाकांशेजारी चालत त्यांची दिशा सांभाळतो, दोघे-तिघे चाकांकडे आणि दाबमापकांकडे डोळा ठेवतात, आणि सर्वांत वर, पात्राच्या पाठीवर, एकजण लांब काठीने तारा उचलून धरतो. विजेची तार असेल तर आधी पुरवठा बंद करून घ्यायचा, मगच काठी लावायची. हा क्रम चुकला की परिणाम एकच.

त्यांच्यापैकी काहीजणांशी ढाब्यावर बोललो. बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे. घर सोडून सहा-सात महिने झालेले. ताफा जेथे थांबतो तेच त्यांचे गाव. ट्रेलरच्या सावलीत स्वयंपाक, ट्रेलरखालीच झोप. चालण्याचा त्रास त्यांना फारसा वाटत नव्हता. त्रास होता तो थांबण्याचा. पुढच्या पुलाचा कागद आला नाही म्हणून तीन आठवडे एकाच पेट्रोल पंपाशेजारी काढलेले. पाऊस सुरू झाला की बगलेची माती भिजते आणि मग वाट सुकेपर्यंत पुन्हा मुक्काम. त्यांच्या मजुरीचा, विम्याचा, विजेच्या धोक्याचा विचार कोणत्याही परवान्यात केलेला नसतो. परवाना मालाला मिळतो, माणसांना नव्हे.

आणि कागद तरी किती? राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय मंत्रालयाची ऑनलाइन परवानगी मिळते, हे स्वागतार्ह. पण नग बंदरातून निघून राष्ट्रीय महामार्गाला लागेपर्यंत आणि शेवटी तो सोडून कारखान्याच्या दारात जाईपर्यंत राज्याचा, जिल्ह्याचा, गावाचा रस्ता असतो. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम खाते. तारांसाठी वीज वितरण कंपनी. कालव्यासाठी पाटबंधारे खाते. बंदोबस्तासाठी प्रत्येक जिल्ह्याचे पोलीस. आणि रेल्वे फाटक आले की रेल्वे. देशातील ब्रॉडगेज मार्गांचे जवळजवळ संपूर्ण विद्युतीकरण झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की आता प्रत्येक फाटकावर डोक्यावर 25,000 व्होल्टची तार आहे आणि तिच्या आधी पावणेपाच मीटरच्या आतली उंचीची कमान. त्याहून उंच नग जायचा तर गाड्या थांबवून, वीज बंद करून, तार उचलून किंवा सोडवून द्यावी लागते. व्यग्र मार्गावर अशी दोन-तीन तासांची फट मिळायला आठवडे जातात, आणि त्यात रेल्वेचा दोष नाही.

या सर्व खात्यांकडून ‘ना हरकत’ मिळते. ‘हो’ कोणीच म्हणत नाही. ना हरकतीचा अर्थ असा की, काही बिघडले तर जबाबदार तुम्ही.

सुखतव्याचा धडा

बिघडते तेव्हा काय होते, हे 10 एप्रिल 2022 रोजी मध्य प्रदेशात दिसले. भोपाळ-नागपूर महामार्गावर इटारसीनजीक सुखतवा नदीवर इंग्रजांच्या काळातला, सुमारे दीडशे वर्षांचा पूल होता. हैदराबादहून इटारसीकडे विजेचे अवजड यंत्र घेऊन निघालेला 138 चाकांचा ट्रेलर त्यावर आला आणि पूल ट्रेलरसकट खाली कोसळला. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांना जोडणारी मुख्य वाट तुटली. वाहतूक आडवाटेने वळवावी लागली. पुढे सैन्यदलाने तेथे बेली पूल उभारला.

त्या वेळी चर्चा झाली ती चालकाची आणि वाहतूकदाराची. माझ्या मते प्रश्न वेगळा विचारायला हवा होता. हैदराबादहून इटारसीपर्यंतच्या वाटेवर दीडशे वर्षांचा दगडी पूल आहे आणि त्यावरून अशी यंत्रे नेली जातात, हे कोणाला ठाऊक असायला हवे होते? केंद्र सरकारने 2016 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. दीड लाखांहून अधिक पूल आणि मोऱ्या तीत नोंदल्या गेल्या. ही नोंद असूनही मार्ग ठरवण्याचे काम आजही बहुधा वाहतूकदाराचा सर्वेक्षक करतो. तो मोटारीतून फिरतो, टेप लावतो, छायाचित्रे काढतो, पुलाच्या वयाचा अंदाज बांधतो. पुलाच्या पोटात काय आहे हे त्याला दिसत नाही. ज्याला ते दिसायला हवे, तो सरकारी अभियंता अर्जावर बसून राहतो. कारण सही करण्यात धोका आहे आणि न करण्यात काहीच नाही.

पूल किती सोसतो, याचे शास्त्र आपल्याकडे नाही असे नव्हे. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांनुसार आपले नेहमीचे पूल ‘70 आर’ वर्गाच्या भारासाठी आखले जातात; त्यातले चाकांचे वाहन 100 टनांचे धरलेले असते. 2017 च्या आवृत्तीत त्याशिवाय एका ‘विशेष वाहना’चीही तरतूद आहे. 20 ओळींचा ट्रेलर, प्रत्येक ओळीवर 18 टन, म्हणजे 360 टन. त्यात ओढणाऱ्या ट्रकचे 25 मिळवले की 385 टन. अट एवढीच की ते वाहन पुलाच्या मधोमध, माणसाच्या चालीने, न थांबता जावे आणि त्या वेळी पुलावर दुसरे वाहन नसावे. म्हणजे अवजड वाहतुकीसाठी पूल कसा असावा, हे आपल्याला माहीत आहे. तो कोठे कोठे असावा, हे मात्र आपण ठरवलेले नाही.

प्रोव्हान्सची वाट

हे ठरवले की काय साधते, याचे उदाहरण फ्रान्सच्या दक्षिणेला आहे, आणि त्यात भारताचा हात आहे. कादाराश येथे उभ्या राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन प्रकल्पाला, म्हणजे ‘इटर’ला, भारत भागीदार या नात्याने क्रायोस्टॅट देतो. हे 3,850 टनांचे प्रचंड निर्वात पात्र. त्याचे भाग हजीऱ्यात घडले. शेवटचा हप्ता जून 2020 च्या अखेरीस रवाना झाला. समुद्रमार्गे ते भूमध्य किनाऱ्यावर उतरले. तेथून प्रकल्पापर्यंत 104 किलोमीटरचा रस्ता आहे, आणि तो रस्ता यजमान फ्रान्सने आधीच तयार ठेवला होता. वाहनासह 900 टनांपर्यंत, सुमारे दहा मीटर उंच आणि नऊ मीटर रुंद नग जाईल असा हिशेब धरून रस्ते रुंद केले, पूल बळकट केले, चौकांतील वर्तुळे मधून कापली, गावांना वळसे दिले. सप्टेंबर 2013 मध्ये काँक्रीटचे ठोकळे लादलेला चाचणी ताफा चालवून साऱ्याची परीक्षा घेतली. त्यानंतर खरे नग ठरलेल्या रात्री निघतात आणि ठरलेल्या दिवशी पोहोचतात.

भारतात घडलेल्या वस्तूसाठी परक्या देशात वाट तयार होती, आणि आपल्याच देशात आपल्या वस्तू कालव्याच्या पात्रातून उतरतात. फ्रान्स श्रीमंत आहे म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे. फरक पैशापेक्षा क्रमाचा आहे. तेथे रस्ता आधी आणि नग मागून. आपल्याकडे प्रकल्पाची जागा ठरते, यंत्राची मागणी नोंदली जाते, यंत्र घडून बंदरात उतरते आणि मग कोणाला तरी आठवते की वाटेत पूल आहेत.

रेल्वे आणि नदी

रेल्वेने हा प्रश्न सुटेल का? थोडासाच. आपल्या रेल्वेच्या नेहमीच्या मापात मालाची रुंदी सव्वातीन मीटरच्या आणि उंची सव्वाचार मीटरच्या आसपास संपते. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर ही मापे वाढली आहेत. तेथे दुमजली कंटेनर धावावेत म्हणून 7.1 मीटर उंची दिली आहे. पण रुंदी 3.66 मीटरच आहे. ट्रान्सफॉर्मर त्यात बसू शकतो. सहा मीटरचे पात्र बसत नाही.

नदी जास्त आशा देते. आसाममधील नुमालीगड शुद्धीकरण कारखान्याची क्षमता 30 लाख टनांवरून 90 लाख टनांवर नेताना अवजड नगांसाठी हल्दियाहून बांगलादेशमार्गे ब्रह्मपुत्रेची वाट धरण्यात आली. फेब्रुवारी 2022 मध्ये 252 टनांचा एक नग अशा रीतीने आसामात सिलघाटला पोहोचला. सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून आणि डोंगराळ रस्त्यांवरून हे अवघड झाले असते. 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले आहेत. त्यांतील फार थोडे या कामाला उपयोगी पडतील, पण जे पडतील त्यांना अवजड नग उतरवण्याचे धक्के मिळायला हवेत. अर्थात परराष्ट्रातून जाणारी वाट राजकीय हवामानावर अवलंबून असते. आणि राजस्थान, हरियाणा, पंजाब, माळवा यांना तर नदीचा पर्यायच नाही. तेथे रस्ताच हवा.

म्हणून मागणी मोजकी असावी. साऱ्या देशातले रस्ते 385 टनांचे करा, असे कोणी म्हणत नाही. तो निव्वळ अपव्यय होईल. कांडला-मुंद्रा, हजीरा-दहेज, हल्दिया, पारादीप, विशाखापट्टणम, चेन्नई-एन्नोर अशा बंदरसमूहांपासून आतल्या औद्योगिक पट्ट्यांपर्यंत एकेक वाट निवडावी. तिची रुंदी, उंची, वजन आणि वळण यांचे एकच माप जाहीर करावे. त्या वाटेवरचा कोणताही पूल नव्याने बांधायचा झाला, की तो विशेष वाहनाच्या भाराला पुरेल असाच बांधावा. तिला आडवी जाणारी नवी वीजवाहिनी जमिनीखालून न्यावी. फलकांच्या कमानी आणि दुभाजक काढता-घालता येतील असे ठेवावेत. टोलनाक्याला कडेने एक खुली पट्टी द्यावी. परवानगीसाठी त्या वाटेपुरता एकच अधिकारी आणि एकच मुदत असावी, आणि पुलांच्या नोंदवहीतली माहिती अर्ज करणाऱ्यालाही पाहता यावी. ताफ्यातल्या कामगारांचा विमा आणि वीज बंद असल्याची लेखी खात्री या परवान्याच्याच अटी असाव्यात.

याला जुने पूल पाडण्याची गरज नाही. ते आयुष्य संपून पडतच आहेत. गरज आहे ती नवे बांधताना विचार करण्याची. अमृतसर-जामनगर महामार्गाचे उदाहरण घ्या. भटिंडा, पचपदरा आणि जामनगर या तीन शुद्धीकरण केंद्रांना जोडणारा मार्ग म्हणून त्याचा गौरव झाला. राजस्थानातला 500 किलोमीटरचा टप्पा जुलै 2023 मध्ये खुला झाला. शुद्धीकरण कारखान्यांना जोडणे म्हणजे त्यांचे टँकर धावणे, की त्यांची पात्रेही जाणे? अशा मार्गाच्या आखणीतच हा प्रश्न विचारला जायला हवा. 2021 मध्ये सुरू झालेली ‘गतिशक्ती’ योजना सोळा मंत्रालयांचे नकाशे एकावर एक ठेवते. त्या नकाशात रस्त्याची रेघ आहे. तिच्यावरच्या सर्वांत अशक्त पुलाचा आकडाही तितक्याच ठळकपणे असावा, आणि वर्षाकाठी तो किती सुधारला हे संसदेपुढे यावे.

आक्षेप येईल की, मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या नगांसाठी करदात्याने का खर्च करावा? पहिले उत्तर असे की, तो खर्च आजही होतोच. पचपदऱ्यासारखे प्रकल्प सार्वजनिक पैशाचे आहेत. उखडून टाकलेली प्रत्येक तात्पुरती वाट आणि रखडलेल्या यंत्राचा प्रत्येक महिना त्यांच्या हिशेबात चढतो. दुसरे असे की, हे केवळ तेलाचे प्रकरण राहिलेले नाही. पवनचक्क्यांची पाती आता साठ-सत्तर मीटरच्या पुढे गेली आहेत. मेट्रोचे बोगदे खणणारी यंत्रे, हरित विजेला शहरांपर्यंत आणणारे ट्रान्सफॉर्मर, हरियाणातील गोरखपूरच्या अणुवीज प्रकल्पाची बाष्पजनित्रे, सारी याच वाटांवरून जाणार आहेत. वापरणाऱ्याकडून वजनानुसार शुल्क घ्यावे, त्याला हरकत नाही. वाहतूकदार ते आनंदाने देतील, कारण त्यांना अनिश्चिततेची किंमत त्याहून जास्त पडते.

तिसरे उत्तर समन्यायाचे आहे. वाट नसेल, तर अवजड उद्योग किनाऱ्याला चिकटून बसतो. किनाऱ्यावर जागा कमी, मासेमारी आणि बागायत यांवर जगणारी माणसे दाट, आणि विरोध तीव्र. रत्नागिरीच्या प्रस्तावित 6 कोटी टनांच्या शुद्धीकरण प्रकल्पाचे काय झाले, हे मराठी वाचकांना सांगायला नको. आतल्या प्रदेशांना, ज्यांच्याकडे जमीन आहे पण रोजगार नाही, त्यांना मग तयार मालाची गोदामे तेवढी मिळतात, कारखाने मिळत नाहीत. एखादा प्रदेश मागास का राहिला, याची कारणे शोधताना आपण इतिहास, जात, पाऊस, राजकारण सारे तपासतो. त्या यादीत त्या प्रदेशाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या पुलाची भारक्षमताही लिहायला हवी. ती मोजता येते, आणि वाढवताही येते.